अक्कांची चौकशी

"हा माणूस टँकर घेऊन तुमच्या दारासमोर थांबला, तर तुम्ही घरात चहा ठेवाल का?"

अक्का हा प्रश्न नेहमी शेवटी विचारायच्या. आधी पाण्याच्या टँकरबद्दल, वाढलेल्या भाड्याबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलून व्हायचं. मग उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून, आत्ताच आठवल्यासारखं त्या हे विचारायच्या. समोरचा माणूस हसून "ठेवीन की!" म्हणाला तर काम झालं. तो जरा घुटमळला, तर अक्का पुन्हा खाली बसायच्या.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तसंही ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नसे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. त्यांचे आजोबा नांदेडकडून हैदराबादेत आले, रेल्वेत चिकटले आणि घर इथलंच झालं. त्यामुळे त्यांच्या मराठीत मराठवाडा तर होताच, वर हैदराबादी "हौ" आणि "नक्को" होतं, आणि चिडल्या की तेलुगू. मी पुण्याहून आलेलो. पहिल्या आठवड्यात मी त्यांना "आपण मराठी छान बोलता" असं म्हणालो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मंग काय बोलू? माझी भाषाच हाय ती," म्हणाल्या.

आमच्या कंपनीचं काम म्हणजे माणसांची चौकशी. त्यातही माझ्याकडे आलेलं खातं टँकरचालकांचं होतं. हैदराबादच्या आसपास औषधांचे कारखाने पुष्कळ. त्यांना लागणारी रसायनं, ठिणगी पडली तर भडकणारी, अंगावर उडाली तर जाळणारी, टँकरमधून येतात. असा टँकर दारात उभा असताना शेगडी पेटवण्याइतका त्या माणसावर भरवसा आहे का, हाच अक्कांच्या चहाच्या प्रश्नाचा अर्थ. तो टँकर ज्याच्या हाती द्यायचा तो कोण, कुठे राहतो, पोलिसात त्याच्यावर काही आहे का, लायसन्स खरं आहे का, आधीची नोकरी का सुटली, तब्येत कशी, हे सगळं वाहतूक कंपन्या आमच्याकडून तपासून घेत. एकदा नव्हे, काही काही वर्षांनी पुन्हा पुन्हा. यातलं निम्मं काम संगणकावर होई. उरलेलं निम्मं अक्का करत, स्कूटीवरून, पदर खोचून, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेट काढल्यावर माळायचा गजरा डिकीत.

सुरुवातीला काम समजावं म्हणून मी त्यांच्या मागे बसून हिंडलो. तुम्ही कधी कुणाच्या लग्नासाठी मुलाची चौकशी केली असेल, तर तुम्हाला हे काम अर्धं कळलंच. गल्लीतल्या लोकांनाही तसंच वाटायचं. साडी नेसलेली, गजरा माळलेली एक बाई येते, सोबत शर्ट खोचलेला एक पुरुष, आणि विचारते की अमक्याचा मुलगा कसा आहे. एका गल्लीत तर एक म्हातारी दख्खनीत हरखून म्हणाली, "रिश्ता लेके आए क्या अम्मा? लड़का हीरा है, हीरा!" तो हिरा पंचेचाळिशीचा होता आणि त्याला तीन मुलं होती.

अक्कांना याचा फार वैताग यायचा. "लग्नाची चौकशी म्हटली की समदेच सोन्याचे होतात," त्या म्हणायच्या. "टँकर म्हटलं की मंग खरं बोलतात. पोरगी दुसऱ्याची असती, जीव आपला असतो."

घरात शिरण्यापूर्वी त्या चपला काढून त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायच्या. मी कारण विचारलं. "कधी पळावं लागलं तर?" त्या म्हणाल्या. कधी पळावं लागलं होतं का? "एकदा. कुत्रं होतं."

त्या चुकायच्याही. एका चालकाची शेजाऱ्याने इतकी तारीफ केली की अक्कांनी डोळे झाकून चांगला शेरा दिला. नंतर कळलं, तो शेजारी त्याचा सख्खा मेहुणा होता. महिनाभर त्यांनी स्वतःची गंमत सगळ्या ऑफिसला सांगितली. त्यानंतर कुणी फार कौतुक करू लागलं की त्या आधी विचारायच्या, "तुमची बहीण कुठं दिली?"

चौकशीची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की बेगम बाजारात मिरची घेतानाही ती सुटायची नाही. कुठल्या गावची, यंदाची की मागची, पोतं पावसात भिजलं होतं का, आणि गेल्या वेळची मिरची फिकी का निघाली. दुकानदार हात जोडायचा. "अम्मा, मिरचीका भी पोलिस सर्टिफिकेट लाऊं क्या?" अक्का गंभीरपणे म्हणायच्या, "हौ. लाव."

त्यांचे यजमान स्वतः टँकरचालक होते. मी त्यांना काका म्हणत असे. उंच, शांत, मिशा नीट कातरलेल्या. आयुष्यभर सॉल्व्हंटचा, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या रसायनाचा, टँकर चालवला आणि त्यावर कधी ओरखडा येऊ दिला नाही, असं अक्का अभिमानाने सांगायच्या. कधी ते अक्कांना न्यायला ऑफिसखाली यायचे आणि जिन्यात उभे राहायचे. वर या म्हटलं तर म्हणायचे, "नक्को, तुमच्या इथं आलं की कुणी तरी काही तरी विचारतं."

मग एकदा काका ज्या वाहतूक कंपनीत होते तिचं काम आमच्याकडे आलं. सगळ्या चालकांची फेरतपासणी. मी भाग पाडून पत्ते वाटत होतो. अक्कांनी चिक्कडपल्लीचा गठ्ठा उचलला, वरचे काही कागद चाळले आणि एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा पत्ता माझाच हाय."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्या नात्यातल्या माणसाची चौकशी आपण करायची नाही असा नियम होता, म्हणून ते घर मी घेतलं. "जेवायलाच येतो," मी म्हणालो. अक्का हसल्या नाहीत. पण हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की बरं झालं, एक चौकशी तरी सोपी निघाली.

रविवारी सकाळी गेलो. भाजीबाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं, लख्ख पुसलेलं घर. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी लेकीचा लग्नातला फोटो. काकांनी सगळी कागदपत्रं क्रमाने लावून ठेवली होती. लायसन्स, घातक माल वाहण्याचं प्रशिक्षण, पोलिसांचा दाखला, डोळ्यांचा दाखला. सगळं चोख. शेजारी दोन घरं विचारून आलो. "मंची मनिषी," चांगला माणूस, असं दोन्हीकडे ऐकलं. एका शेजाऱ्याला बहीण कुठे दिली तेही विचारलं. तो गोंधळला. मला आपण फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

परत येऊन बसलो. घरातल्या एका माणसाशी बोलणं हा तपासणीचा शेवटचा भाग. आत शेगडीवर चहा उकळत होता, आल्याचा वास येत होता. अक्का दाराशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. मी चेष्टेने त्यांच्याच सुरात म्हणालो, "मग काय अक्का? हे काका टँकर घेऊन तुमच्या दारासमोर थांबले, तर तुम्ही घरात चहा ठेवाल का?"

काका हसले. अक्का वळून आत गेल्या. खट् असा आवाज आला. त्यांनी गॅस बंद केला होता.

बाहेर येऊन त्या काकांच्या समोर खाली बसल्या. माझ्याकडे न बघता काकांकडेच बघत म्हणाल्या, "सर, ह्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. उजव्यानं पण संध्याकाळचं कमी दिसतं. साखर हाय. वरीस झालं."

"अगं," काका म्हणाले. एवढंच.

"मी किती बार बोलले तुम्हाला. पोरीचं बाळंतपण होऊ दे म्हणलाव. झालं. दसरा होऊ दे म्हणलाव. झाला. आता पुढचं काय?"

मी डोळ्यांचा दाखला हातात धरून बसलो होतो. तो खोटा नव्हता. काकांची तपासणी खरोखर झाली होती. तपासणीच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांनी पाठ केली होती, हे अक्कांनी मग सांगितलं. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. गाडीतळावर चालक एकमेकांना तो तक्ता शिकवायचे. काका अंघोळ करताना पुटपुटायचे, "ई, एफ पी, टी ओ झेड..." अक्कांना आधी वाटलं, कुठल्या तरी नव्या गोळ्यांची नावं आहेत. मग त्या घाबरल्या, डोक्यावर परिणाम तर झाला नाही? शेवटी एके दिवशी काकांनी चहा कपात ओतण्याऐवजी कपाच्या शेजारी ओतला आणि तसेच ओतत राहिले, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

काका उठले. खुंटीवरचा शर्ट घातला. खुंटी सापडायला त्यांना एकदा चाचपावं लागलं, आणि आम्ही दोघांनी ते पाहिलं. ते बाहेर निघून गेले.

मी म्हणालो, "अक्का, तुम्ही मला ऑफिसात बाजूला घेऊन सांगितलं असतं तरी..."

"ती चुगली झाली असती," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या पाठीमागं सांगू? त्यांच्या समोर सांगितलं. आता त्यांना जो राग यायचा तो माझ्यावर येऊ दे." मग म्हणाल्या, "तुम्ही आलाव म्हणून बोलले. परका आला असता तर जीभ उचलली असती का नाही, काय माहीत."

चहा तसाच राहिला.

मी अहवाल लिहिला. कंपनीने काकांची तपासणी दुसऱ्या डॉक्टरकडे करवली. साखरेने डोळ्याचा पडदा खराब झाला होता. डावा गेल्यातच जमा होता, उजव्यावर ताबडतोब उपचार हवे होते. काकांना टँकरवरून उतरवलं. गाडीतळावर हिशेबाचं काही काम देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

अक्का कामावर येतच होत्या. पण आमच्याशी बोलणं कमी झालं. डबा उघडायच्या, भाकरीचे तुकडे करायच्या आणि तसाच झाकायच्या. एकदा मी विचारलं, काका कसे आहेत.

"दवाखान्यात येतात. इंजेक्शन घेतात. जेवतात. बोलत नाहीत."

"काहीच नाही?"

"पोरीशी फोनवर बोलतात. दूधवाल्याशी बोलतात. माझ्याशी नाही." मग हळूच म्हणाल्या, "मी डाळीत मीठ टाकायचं बंद केलं."

मला कळेना.

"अळणी डाळ पुढं आली की माणूस निदान बोंबलतो का नाही? नाही बोलले. गपचूप खाल्ली. दुसऱ्या दिवशी पण टाकलं नाही. खाल्ली. आता मला पण तसलीच खावं लागलाली." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बसून लोकांना बोलतं करणारी बाई स्वतःच्या घरात एका शब्दासाठी अळणी डाळ खात होती. आम्ही सगळे आपापल्या संगणकांकडे बघत बसलो.

हे बरेच आठवडे चाललं. मग शहराबाहेर एका चालकाच्या घरी जाताना कच्च्या रस्त्यावर अक्कांची स्कूटी घसरली. उजवं मनगट मोडलं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा काका आधीच आलेले होते. ते रिक्षाने एकटे आले होते, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, ज्यात त्यांना नीट दिसत नसे. बाकाच्या टोकाला बसले होते. डॉक्टरांशी बोलले, औषधं आणली, अक्कांच्या पायांतल्या चिखलाच्या चपला काढून रुमालाने पुसल्या. पण अक्कांशी एक शब्द नाही. मला त्या माणसाचा राग आला. खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. इतका टिकाऊ राग मी पाहिला नव्हता.

पुढचं अक्कांनीच सांगितलं, प्लास्टर घालून ऑफिसात आल्या तेव्हा. हात गळ्यात बांधलेला, चेहरा मात्र उजळलेला.

त्यांना स्वयंपाक करता येईना म्हणून काका शेगडीपुढे उभे राहिले. जन्मभर रस्त्याच्या कडेला टँकरपासून लांब, दगड मांडून स्वयंपाक केलेला माणूस, त्याला डाळ करणं काय अवघड? डाळ शिजली. फोडणी झाली. मीठ घालायची वेळ आली आणि चमच्यात किती मीठ आलं ते त्यांना दिसेना. त्यांनी चमचा उजव्या डोळ्याजवळ नेला, खिडकीकडे धरला, परत आणला. अक्का बाजेवर बसून सगळं बघत होत्या. बोलायचं नाही असं त्यांनीही ठरवलं होतं. शेवटी काका चमचा घेऊन त्यांच्यासमोर आले.

"बघ गं," ते म्हणाले, "एवढं पुरे का?"

"मंग?" आम्ही सगळ्यांनी विचारलं.

"मंग काय? पुरे म्हणलं." अक्कांनी डाव्या हाताने डबा उघडायचा प्रयत्न केला. "जास्तच होतं. खारट झाली डाळ. पण पुरे म्हणलं."

त्यानंतर अक्का फिरतीच्या कामाला काकांना घेऊन जाऊ लागल्या. एकाचा हात चालत नव्हता, दुसऱ्याचा डोळा. स्कूटी घरी ठेवून दोघं बसने, रिक्षाने हिंडायची. काकांचं नाव आमच्या पटावर कुठेच नव्हतं, पण मी जेवढं बघायला हवं होतं तेवढं बघितलं नाही. अक्का बायकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायच्या, काका चालकाजवळ बसायचे. इतर कुणाला सांगणार नाहीत अशा गोष्टी चालक त्यांना सांगायचे, कारण ते त्यांच्यातलेच होते.

मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. पन्नाशीच्या आसपासचा एक चालक, कागदपत्रं सगळी उत्तम, बोलणं अदबीचं. काकांनी त्याच्या डोळ्यांचा दाखला बघितला, म्हणजे बघितल्यासारखं केलं, आणि सहज म्हणाले, "ई, एफ पी, टी ओ झेड... आगे क्या है भाई?"

तो माणूस नकळत म्हणाला, "एल पी ई डी."

समोर तक्ता नव्हता, काही नव्हतं. चालक थिजला. काका मोठ्याने हसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मेरेकू भी याद है. आज तक नै भूला." मग त्यांनी स्वतःचा डावा डोळा हाताने झाकला, उघडला, आणि त्याला आपली सगळी गोष्ट सांगितली. त्या चालकाला चष्मा लागला, एवढंच. तो आजही टँकर चालवतो.

परतताना आम्ही इराणी हॉटेलात चहा प्यायलो. अक्का हात धुवायला गेल्या तेव्हा मी धीर करून काकांना विचारलं, "तेव्हा तुम्हाला अक्कांचं म्हणणं चूक वाटलं होतं का?"

काका बिस्किट चहात बुडवत होते. कप नीट सापडावा म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरला होता. "नाही," ते म्हणाले. "बरोबर हाय हे तर त्याच दिवशी कळलं. म्हणून तर एवढा राग आला. चूक असती तर भांडलो असतो आणि मिटलं असतं." मग म्हणाले, "गॅस बंद केला ना तिनं, तो आवाज अजून ऐकू येतो. मी टँकर चालवताना ती रोज घरात तशीच भीत बसत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं."

अक्का येताना दिसल्या तसे ते गप्प झाले. अक्कांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "काय बोललालाव?"

"मिरचीचं," काका म्हणाले.

त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर वाचली. डाव्याची परत आली नाही. मनगट जुळलं, पण स्कूटीचा ब्रेक दाबताना कळ यायची, म्हणून अक्कांनी स्कूटी विकली आणि काही काळाने काम सोडायचं ठरवलं. लेक नांदेडला होती, तिला दुसरं मूल होणार होतं. अक्कांच्या आजोबांनी सोडलेल्या गावाकडे त्यांची नात परत निघाली. घर भाड्याने देताना अक्कांनी भाडेकरूची चौकशी स्वतः केली. तो बिचारा बँकेत होता. चार दिवस त्याला वाटलं, आपल्याला घर मिळत नाही.

मी त्यांना सोडायला अफझलगंजजवळच्या बसस्थानकावर गेलो. सामान थोडं होतं, पण बेगम बाजारची मिरची बरीच होती. तिच्या खकाण्याने शेजारच्या रांगेतले लोक शिंकत होते. काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, जयभीम केला आणि दांडा धरून हळूहळू बसमध्ये चढले. अक्का म्हणाल्या, "बाळा, टायमावर जेवत जा. आणि लग्न करायचं असेल तर पोरीकडच्यांना सांग, माझ्याकडं विचारा म्हणून." मी म्हणालो, तुम्ही काय सांगाल? "खरं सांगेन," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लवकर कर म्हणते."

कंडक्टर ओरडत होता. मी समजलो आता त्या चढतील. पण त्या पुढे गेल्या, चालकाच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून त्याच्याशी काहीतरी बोलू लागल्या. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. चालक आधी वैतागला. मग हसला. मग त्याने खिशातून चष्मा काढला, त्यांना दाखवला आणि त्यांच्या देखत डोळ्यांवर चढवला.

अक्का मागे येऊन दारातून चढल्या. काकांनी त्यांच्यासाठी खिडकीची जागा ठेवली होती. चालकाने वरच्या आरशात बघितलं, त्या नीट बसल्या याची खात्री केली, आणि मगच गाडी हलवली.